सेवामंडळाचे सभासद कोण?

(तालुक्याच्या गावी शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या गावच्या तरुणांनी एक सेवामंडळ काढण्याचे मनावर घेतले आहे, आणि त्याआधी अशा मंडळांची माहिती चार शब्दांत सांगावी म्हणून आम्हांस येथे बोलावले आहे. हेतू उत्तम आहे. परंतु आपल्याकडे मंडळ दसऱ्याला निघते आणि शिमग्याला बुडते, हा अनुभव कोणास नवा नाही. नाव ठेवणे, पाटी रंगवणे आणि अध्यक्ष कोणी व्हावे याचा वाद घालणे, यांतच सारा जोर संपतो. म्हणून आज आम्ही रोटरी क्लब नावाच्या मंडळाची हकीकत सांगणार आहोत. त्याच्या दातेरी चाकाची पाटी शहरात शिरताना रस्त्याच्या कडेला आपण पाहिली असेल. त्या चाकामागची कथा ऐकून जे घेण्यासारखे वाटेल ते घ्यावे, आणि जेथे सावध व्हावेसे वाटेल तेथे सावध व्हावे.

अमेरिकेत शिकागो म्हणून मोठे शहर आहे. तेथे १८९६ साली पॉल हॅरिस नावाचा एक वकील पोट भरण्यास आला. हा लहानपणी वॉलिंगफर्ड नावाच्या लहानशा गावी आजी-आजोबांजवळ वाढलेला. शिकागोत माणसांचा समुद्र, पण ओळखीचे तोंड एक नाही. आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत कामास गेली तेव्हा त्यांस जे वाटले, तेच त्यास वाटले. आपल्या लोकांनी तेथे गाववाल्यांच्या खोल्या केल्या. हॅरिसने दुसरी तोड काढली. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने तीन ओळखीची माणसे गोळा केली. सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी, गुस्टाव्हस लोअर हा खाणींचा इंजिनिअर आणि हायरम शोरी हा कपडे शिवून देण्याचा धंदा करणारा. वकील, कोळसेवाला, इंजिनिअर आणि शिंपी अशा चौघांचे हे पहिले मंडळ. मोठमोठ्या लोकांची म्हणून आज जी संस्था ओळखली जाते, तिच्या पहिल्या चौघांत एक शिंपी होता, हे आपल्या कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवावे.

मंडळाचा नियम असा की एका धंद्याचा एकच माणूस घ्यावा, म्हणजे आपसांत चुरस नको. आणि सभा प्रत्येकाच्या धंद्याच्या जागी पाळीपाळीने भरवावी. पाळी फिरत राहते म्हणून नाव पडले रोटरी, म्हणजे फिरती. आपल्याकडे सावडीत आज याच्या रानात तर उद्या त्याच्या रानात बैल जातात, त्याच मासल्याची ही गोष्ट होय.

येथे खरे ते सांगितले पाहिजे. हे मंडळ आरंभी परोपकारासाठी निघाले नव्हते. ओळखी वाढाव्यात, शिंप्याने कोळसा ओळखीच्या दुकानातून घ्यावा आणि कोळसेवाल्याने अंगरखा त्याच शिंप्याकडून शिवावा, इतकाच मतलब होता. परंतु केवळ आपसांतल्या देवघेवीवर मंडळ फार दिवस टिकत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानी आले. १९०७ साली त्यांनी एक लोकांचे काम हाती घेतले. ते काम कोणते? देऊळ नव्हे, पुतळा नव्हे. शिकागोच्या भर बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसाठी सार्वजनिक संडास-मुताऱ्या बांधवून घेण्याचे ते काम होते. यालाही विरोध झालाच. दारूवाले म्हणाले, आमच्या गुत्त्यांत पुरुषांची सोय आहे. मोठे दुकानदार म्हणाले, आमच्या दुकानांत बायांची सोय आहे. याचा अर्थ असा की पेला घेतल्यावाचून किंवा माल पाहिल्यावाचून गरिबाने देहधर्म उरकू नये! मंडळाने इतर संस्था जोडीला घेऊन नगरपालिकेचा पिच्छा पुरवला, आणि १९०९ साली ती सोय झाली.

आता आपल्या आठवड्याच्या बाजाराकडे वळा. माळव्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन पहाटे निघालेल्या आमच्या मायबहिणी दिवे लागणीपर्यंत बाजारात बसतात. त्यांनी जावे कोठे? पाणी प्यावे लागू नये म्हणून ज्या बाया दिवसभर घसा कोरडा ठेवतात, त्यांना विचारा म्हणजे सेवेचे पहिले काम कोणते ते त्या सांगतील.

पैशाचीही गोष्ट ऐका. १९१७ साली रोटरीचे त्या वेळचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी एक कायमचा फंड असावा अशी सूचना केली. त्या फंडात कॅन्सस सिटीच्या मंडळाने पहिली रक्कम घातली. ती किती, तर साडेसव्वीस डॉलर! हसू येईल इतकी ती लहान होती. त्याच फंडातून पुढे अब्जावधी डॉलरची कामे झाली. फंड लहान आहे म्हणून लाजू नये. हिशेब नसेल तर मात्र लाजावे.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. मंडळाने काय वाटले, हे सगळे विचारतात. मंडळात कोणाला बसू दिले, हे कोणी विचारत नाही. रोटरीच्या इतिहासात हाच प्रश्न एकदा सर्वांत मोठ्या न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्निया प्रांतात डुआर्टे नावाचे लहान गाव आहे. तेथल्या मंडळाचे सभासद घटत घटत मूठभर उरले. तेव्हा १९७७ साली त्या मंडळाने तीन बायांना सभासद करून घेतले. पण रोटरीचा नियम होता की सभासद पुरुषच असावा. वरच्या कचेरीने १९७८ साली डुआर्टेच्या मंडळाची सनद काढून घेतली. बायांनी भाकरी भाजावी, जेवण वाढावे, कार्यक्रमास शोभा आणावी. पण वहीत नाव घालू नये, असा हा न्याय! हा आपल्याकडेही परका नाही.

डुआर्टेची माणसे चिवट निघाली. मंडळ मोडले नाही. छातीवरच्या बिल्ल्यातील चाकावर त्यांनी फुली मारली आणि सभा चालूच ठेवल्या. कोर्टात दावा लावला. खालच्या कोर्टात हरले, वरच्या कोर्टात जिंकले, आणि शेवटी ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एकमताने बायांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जे मंडळ लोकांत मिसळून काम करते, ज्याच्यात माणसे सतत येतात-जातात, ते काही कोणाच्या घरचे माजघर नव्हे. तेथे कायद्याचा समतेचा नियम लागू होतो. त्याच साली सिल्व्हिया व्हिटलॉक नावाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका डुआर्टेच्या मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. १९८९ साली रोटरीने साऱ्या जगासाठी नियमच बदलला, आणि २०२२ साली कॅनडाच्या जेनिफर जोन्स या बाई साऱ्या रोटरीच्या अध्यक्षपदी बसल्या. मूठभर माणसांच्या एका लहान गावच्या मंडळाने केवढे चाक फिरवले पाहा.

आपल्या देशात रोटरी १९१९ साली कलकत्त्यास आली. तेव्हा राज्य साहेबांचे, आणि मंडळही बव्हंशी साहेबांचेच. पण दिवस पालटले. त्याच कलकत्त्याचे नितीश लाहरी हे १९६२ साली साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. ज्यांना एके काळी दाराबाहेर ठेवले, ते आत आल्याने कोणतेही मंडळ बुडाल्याचे ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, सभासद कोणी का असेना, काम झाल्याशी कारण. याला उत्तर पोलिओच्या कामात आहे. पोलिओने पांगळी झालेली मुले आपण प्रत्येक गावात पाहिली आहेत. रोटरीने १९८५ साली हा रोग जगातून घालवण्याचा विडा उचलला. आपल्या देशात सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लाखो कार्यकर्ते यांच्या बरोबरीने रोटरीच्या सभासदांनी काम केले. शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमध्ये हावड्याकडे सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त ठरला. परंतु हे सहज झाले नाही. उत्तर प्रदेशात कित्येक वस्त्यांत लोक दारे लावून घेत. या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतील, अशी भूमका उठली होती. गाडीतून उतरलेल्या परक्या साहेबाला पाहून ती दारे उघडली नाहीत. वस्तीतल्याच बाया दारोदार गेल्या, मशिदीतले मौलवी स्वतः पुढे झाले, तेव्हा मायांनी लेकरे पुढे केली. पैसा, लस, बर्फाची पेटी हे सगळे लागले. पण कडी काढली ती ओळखीच्या माणसाने. सभासद कोण, या प्रश्नाची किंमत ही एवढी आहे.

आता कोणत्याही मंडळाचे नाव न घेता एक गोष्ट बोलतो. सेवेचा कार्यक्रम असतो. मांडवात खुर्च्यांवर देणारे बसतात, जमिनीवर घेणारे बसतात. दहा वह्या देताना वीस हात त्या वहीला लागतात आणि फोटो निघतो. दप्तर घेऊन पोर घरी जाते, पण आपला बाप खुर्चीवर का नव्हता, हा प्रश्नही त्याच दप्तरातून घरी जातो. मदत वाईट नव्हे. चष्मा मिळालेल्या म्हाताऱ्याला दिसू लागते, हे मोठेच पुण्य. तथापि, ज्याला कायम घेणाराच ठेवले, त्याची मान वर होत नाही. सुताराजवळ हात आहे, शेतकऱ्याजवळ बैलगाडी आहे, शिंपिणीजवळ सुई आहे. ही सगळी देणारी माणसे आहेत. त्यांना देण्याची जागा दिली पाहिजे.

म्हणून तुमच्या मंडळासाठी आमच्या सूचना थोड्या आहेत. पहिली, सभासदांची वही वस्तीवार व धंदेवार भरा. रोटरीत धंद्याला एक माणूस होता. तुमच्यात धंद्याला निदान एक असलाच पाहिजे. कुणबी, माळी, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शेतमजूर, यांतला एकही सुटता कामा नये. बायांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने घाला, अमक्याचे कुटुंब म्हणून नव्हे. दुसरी, अध्यक्ष एकाच वर्षाचा असावा. रोटरीत दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो. जो उतरतो तो रुसून घरी बसत नाही, पुन्हा सभासद म्हणून बसतो. तिसरी, वर्गणी सर्वांना सारखी व झेपेल इतकीच ठेवा, आणि दरमहा पारावर हिशेब मोठ्याने वाचा. जो जास्त देईल त्याची जास्त चालेल, असे होऊ देऊ नका.

चौथी सूचना सर्वांत अवघड आहे. पहिले काम बाजारातल्या संडास-मुताऱ्यांचे घ्या, असे आमचे सांगणे आहे. ग्रामपंचायतीकडे अर्ज करा, जागा मागा, पाण्याची सोय पाहा. परंतु बांधून झाल्यावर ते झाडणार कोण? येथेच मंडळाची परीक्षा आहे. जर तो झाडू पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती दिला त्यांच्याच हाती पुन्हा दिला, तर मंडळ काढले काय न काढले काय! सभा पाळीने, अध्यक्ष पाळीने, तसा झाडूही पाळीनेच फिरला पाहिजे. आणि पहिली पाळी अध्यक्षाची असली पाहिजे.

शिकागोत हर्बर्ट टेलर नावाचा एक कारखानदार होता. त्याने १९३२ साली, धंदा बुडीत निघाला असता, स्वतःला चार प्रश्न विचारण्याचा नेम केला. बोलतो ते खरे आहे का, सर्वांना न्यायाचे आहे का, यातून स्नेह वाढेल का, आणि सर्वांचे भले होईल का. हे प्रश्न पुढे रोटरीने आपलेसे केले. प्रत्येक ठरावापूर्वी तुम्हीही ते विचारा. मात्र ‘सर्वांना’ म्हणताना वहीत ज्यांची नावे नाहीत, त्यांचाही विचार करा.

वही येथे टेबलावर ठेवली आहे. भाषणाने मंडळ होत नाही. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी घरी जाण्यापूर्वी आपले नाव घालावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे नाव शाळेतल्या पोरांनी लिहावे आणि त्यांना वाचून दाखवावे. आमची विनंती इतकीच आहे की मागे भिंतीशी बसलेल्या मायबहिणींनी आधी पुढे यावे. बाजाराचे दुःख त्यांना ठाऊक आहे, तेव्हा पहिली नावे त्यांची पडू द्या.