न वाजणारा खर्ज



हे भाषण तुमच्यापैकी काही जण मोबाईलवर ऐकत असतील, काही जण स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या लहान ट्रान्झिस्टरवर. त्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर असतो जेमतेम तीन इंचांचा. त्यावर जुनं सिनेगीत लागलं, की गाण्याच्या तळाशी चालणारी बेस गिटार ऐकू येते का? येते. प्रत्येक स्वर ओळखता येतो. आता गंमत बघा. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा असतो, आणि एवढ्याशा स्पीकरला तो काढताच येत नाही. मग आपण ऐकतो ते नेमकं काय? हा प्रश्न आपण थोडा वेळ बाजूला ठेवू. मी हौसेनं लाकडी वाद्यं बनवतो, आणि आज ज्या वाद्याबद्दल बोलणार आहे ते सगळंच या प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे. ते वाद्य म्हणजे अकूस्टिक बेस गिटार. वीज नाही, अँप्लिफायर नाही, लाकडाची पोकळ पेटी आणि चार तारा.

बेस गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विजेवर चालणारी, भरीव लाकडाची गिटार येते. लिओ फेंडर यांनी 1951 साली ती कॅलिफोर्नियात बाजारात आणली आणि डबल बेसचं ते भलंमोठं धूड पाठीवर वाहणाऱ्या वादकांची सुटका केली. तिथे आवाज मोठा करण्याचं काम अँप्लिफायर करतो, लाकडाला फारसं काही करावं लागत नाही. पुढे वीस वर्षांनी कॅलिफोर्नियातल्याच एर्नी बॉल यांना वाटलं, विजेच्या गिटारला विजेची बेस जोडीदार आहे, तर साध्या लाकडी गिटारला लाकडी बेस का नसावी? त्यांनी मेक्सिकोच्या तिजुआना गावातून एक गिटारॉन विकत आणलं. मारियाची वादकांच्या ताफ्यात पोटावर आडवं धरलेलं, पाठीकडून फुगीर असं जे मोठं वाद्य दिसतं, ते हे. त्याला पडदे नसतात, आणि वादक बऱ्याचदा एकाच स्वराच्या दोन सप्तकांतल्या तारा एकदम ओढतो. का ओढतो, तेही पुढे येईलच. ते समोर ठेवून, पूर्वी फेंडरकडे काम केलेल्या जॉर्ज फुलर्टन यांच्या मदतीनं, बॉल यांनी 1972 साली ‘अर्थवुड’ नावाची बेस काढली. पेटी एवढी रुंद आणि खोल की बुटक्या माणसाला तिच्यावरून हात टाकणं अवघड. खप बेताचाच राहिला, मध्ये उत्पादन थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि 1985 मध्ये कायमचं बंद पडलं. पण ‘व्हायोलंट फेम्स’ या अमेरिकन त्रिकुटाची 1983 सालची पहिली ध्वनिमुद्रिका मिळाली तर जरूर ऐका. ब्रायन रिची त्या थाटाच्या बेसवर असा काही तुटून पडतो, की हे वाद्य लाजाळू आहे असं कुणी म्हणू नये.

एवढी मोठी पेटी का लागते? 41 कंपनांच्या स्वराची हवेतली लाट सव्वाआठ मीटर लांब असते. चार तारा कितीही जाड असल्या तरी त्या स्वतः हवा ढकलू शकत नाहीत. ते काम वरच्या फळीचं, आपले सतार-तंबोऱ्याचे कारागीर जिला तबली म्हणतात तिचं, आणि तिच्याखाली कोंडलेल्या हवेचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक घुमारा येतो, तसा प्रत्येक गिटारच्या पेटीचा आणि तिच्या भोकाचा मिळून एक घुमारा असतो. नेहमीच्या गिटारचा तो 100 कंपनांच्या आसपास येतो. हा घुमारा एक सप्तक खाली आणायचा, आणि भोक तेवढंच ठेवायचं, तर पेटीतली हवा चौपट करावी लागते. दुप्पट नव्हे, चौपट! अशी गिटार मांडीवर राहणार नाही, दारातूनही नीट आत येणार नाही. डबल बेससुद्धा या हिशेबानं लहानच पडतो, पण त्याला गज आहे. गज तारेला सतत जोर पुरवत राहतो. बोटानं छेडलेल्या तारेला जो जोर मिळायचा तो पहिल्या क्षणातच मिळून जातो.

म्हणून पेटी अवाढव्य करण्याच्या वाटेला मी जात नाही. मोठ्या गिटारपेक्षा थोडी रुंद, थोडी खोल, भोक नेहमीपेक्षा लहान, म्हणजे घुमारा जरा खाली सरकतो. बाकीचं लक्ष तबलीवर.

तबलीसाठी मी स्प्रूस वापरतो. हलकं, रेषा सरळ आणि एकमेकींना चिकटून गेलेल्या, उभ्या अंगात ताठ. ओंडक्याची फाळणी अशी करायची की वर्षांची वर्तुळं फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी राहतील. मग एकाच तुकड्याचे दोन पदर पुस्तकासारखे उघडून मधोमध जोडायचे. रंधा मारत मारत फळी तीन मिलिमीटरच्या आसपास आणायची. इथे नवशिक्यांचा हात थबकतो. बेसच्या तारा एवढ्या जाड, त्या फळी उपटून काढतील असं वाटून ते चार-साडेचार मिलिमीटरवरच थांबतात आणि आतल्या पट्ट्याही दांडग्या बसवतात. वास्तविक चार बेस तारांची मिळून ओढ सत्तर-पंच्याहत्तर किलोंची असते, आणि गिटारच्या सहा पोलादी तारांची ओढही जवळपास तेवढीच! जाडी आली ती भीतीपोटी. अशी फळी शंभर वर्षं टिकेल खरी, पण शंभर वर्षं मुकी राहील. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच अकूस्टिक बेस मला अशाच वाटतात: दिसायला भरदार, आणि शेजारी एक गिटार वाजू लागली की बेपत्ता.

आतल्या पट्ट्या मी इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात बसवतो. ही मांडणी अमेरिकेतल्या मार्टिन कारखान्यानं एकोणिसाव्या शतकात रूढ केली आणि पोलादी तारांच्या गिटारला अजून तिच्याहून चांगलं फारसं काही सापडलेलं नाही. पट्टी मध्यभागी उंच ठेवायची आणि टोकांकडे पटाशीनं तासत न्यायची. मधूनमधून फळी दोन बोटांत धरून टिचकी मारायची. आवाज ठक्क आला तर अजून तासायचं आहे. लांबत गेलेला, पोकळ आवाज आला की पटाशी खाली ठेवायची. याचं माप कागदावर लिहून देता येत नाही.

एक गोष्ट मात्र मापानंच ठरते, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: घोडी कुठे येते. बेसच्या तारेची प्रमाण लांबी 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर. नेहमीच्या गिटारची साधारण 648. गिटारची दांडी पेटीला चौदाव्या पडद्याशी मिळते. तोच शिरस्ता बेसला लावला तर दांडीच्या सांध्यापासून घोडीपर्यंत 385 मिलिमीटर जातात आणि घोडी पेटीच्या शेपटाकडे, कडेजवळच्या ताठ भागात जाऊन बसते. तिथे फळी हलणार कशी? सांधा सतराव्या पडद्याशी आणला तर हेच अंतर 324 वर येतं आणि घोडी रुंद भागाच्या मधोमध, फळी सगळ्यात लवचीक असते तिथे येते. किंमत अशी, की डाव्या हाताला पहिल्या पडद्यापर्यंत जरा जास्तच लांब जावं लागतं. काही जण म्हणून तारच 30 किंवा 32 इंचांवर आणतात. लहान चणीच्या वादकासाठी मीही तेच सुचवतो.

पाठ आणि कडा कशाच्या करायच्या यावर गिटारवाले रात्र रात्र वाद घालतात. आपल्या सह्याद्रीतली शिसव त्यासाठी जगभर नावाजलेली आहे. 2017 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आलं, आणि 2019 साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. शिसव सुंदर आहेच, पण जड. एवढ्या मोठ्या पेटीला मी मिरजेत सतार-तंबोऱ्याला वापरतात ते तुणीचं लाकूड पसंत करतो. वजन कमी, आणि तापलेल्या नळीवर ओलसर पट्टी वाकवताना कुरकुर करत नाही.

आणखी एक, आपल्या हवेपुरतं. पावसाळ्यात तबलीला पट्ट्या चिकटवू नयेत. लाकूड ओलावा पिऊन आडवं पसरलेलं असतं. त्याच स्थितीत ते पट्ट्यांशी जखडलं, की एप्रिलच्या कोरड्या झळांत आकसायला बघतं, पट्ट्या आकसू देत नाहीत, आणि रेषेवर तडा जातो. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला बरी. पावसाळ्यात दांडी कोरावी, पडद्यांच्या खाचा पाडाव्यात. बारा समान भागांच्या सप्तकासाठी उरलेली लांबी दर वेळी 17.817 नं भागत जायचं. बेसचा पहिला पडदा साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर येतो.

आता ट्रान्झिस्टरकडे. तार कधी एकटा स्वर देत नाही. 41 बरोबर 82, 123, 164 अशी सगळी बिरादरी एकाच वेळी कंप पावत असते. लहान स्पीकर 41 गाळून टाकतो, बहुधा 82 सुद्धा. पण वरचे जे स्वर कानावर पडतात, त्यांच्यात प्रत्येकी 41 चं अंतर असतं, आणि आपला मेंदू त्या अंतरावरून न वाजलेला खर्ज स्वतःच भरून काढतो. टेलिफोनची जुनी तार 300 कंपनांच्या खालचं काहीच नेत नसे, तरी वडिलांचा भरदार आवाज भरदारच ऐकू यायचा, तो याच कारणानं. अकूस्टिक बेसची पेटीही 41 कंपनं नावालाच बाहेर टाकते. ती 82 आणि 123 स्वच्छ, ठसठशीत देत असेल तर ऐकणाऱ्याला खर्ज ‘ऐकू’ येतो. गिटारॉनवाला दोन सप्तकांतल्या तारा एकदम ओढतो तेव्हा तोही कानाला हाच आधार पुरवत असतो.

ही जाण आपल्याकडे जुनी आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती खर्जाच्या तारेतून वरचे स्वर फुलवण्यासाठीच. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की साध्या तारेच्या नियमानं जे स्वर उमटायलाच नकोत, तेसुद्धा या वक्र घोडीमुळे जोरात उमटतात. बेसच्या घोडीला मी जवारी काढत नाही, तो झणकार तिथे नको असतो. मात्र घोडीचं हाड घट्ट बसलं आहे ना, तार त्यावरून एकाच स्वच्छ कडेवर सुटते ना, यावर मी तबलीच्या खालोखाल वेळ घालवतो. आणि तारा निवडताना गुळगुळीत पट्टीची वेटोळी असलेल्या टाळून फॉस्फर ब्राँझच्या गोल वेटोळ्यांच्या घेतो, कारण त्यांच्यात वरचे स्वर भरपूर असतात. बोटं सरकताना थोडी खरखर होते, ती चालवून घ्यावी.

वाद्य तयार झालं की अपेक्षा मात्र नेमकी ठेवावी. एक गिटार, एक गाणारा आणि बंद खोली असेल तर ही बेस पुरते. ढोलक सुरू झाली की घोडीखाली बसवलेल्या पिकअपची वायर अँप्लिफायरला जोडायची. 1989 पासून एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ मैफिलींमुळे हे वाद्य घरोघरी दिसलं. नाव ‘अनप्लग्ड’ असलं तरी तिथल्या बेसलाही वायर असायचीच.