खर्डा आणि धीर

कादंबरीच्या खर्ड्याला लागणारा धीर लेखनाच्या वेगावरून मोजता येत नाही. खानदेशाशी नाते असलेल्या दोन पुस्तकांनी हे फार पूर्वीच दाखवून दिले आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात 9 फेब्रुवारी 1933 रोजी लिहायला घेतली आणि 13 तारखेपर्यंत तिचा बहुतेक भाग हातावेगळा केला. यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली आली; तीही थोड्याच दिवसांत लिहून झालेली.

या वेगामागे मोठा साठा होता. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत. मुलांना समोर ठेवून लिहिण्याची ही सवय तुरुंगात कामी आली. ‘कोसला’त नायक पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तिथे निवेदक शोकाचे स्पष्टीकरण देत नाही, वाचकाला सावरूनही घेत नाही. पंचविशीतल्या लेखकाला हा संयम साधला, कारण गाव, घर आणि तिथले मरण आधीच त्याच्या आत मुरले होते.

उलट बाजू नेमाड्यांच्याच ‘हिंदू’ची. त्यांची आधीची कादंबरी ‘झूल’ 1979 मधली, ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ 2010 मधली, मध्ये 31 वर्षे. ‘हिंदू’चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननातून तो वडिलांच्या आजारपणामुळे आपल्या गावी, मोरगावला, निघतो आणि त्या परतीच्या वाटेवर घराणे, जाती, शेती, इतिहास एकमेकांत शिरतात. एवढ्या पसाऱ्याला घाट सापडेपर्यंत थांबणे हेही लेखनच होय. या थांबण्याला आळस म्हणणारी टीका उथळ आहे.

अधीरता सहसा खर्ड्याच्या मध्यावर गाठते. सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, शेवट दिसत नसतो. मग पहिलीच प्रकरणे पुन्हापुन्हा घासूनपुसून काढली जातात आणि पुढचे पान कोरेच राहते. पहिला खर्डा ओबडधोबड राहू द्यावा, पण शेवटापर्यंत न्यावा. दुरुस्तीला त्यानंतरच अर्थ येतो. पूर्ण झालेला खर्डा काही काळ नजरेआड ठेवला, की आवडती पण अनावश्यक पाने आपोआप उघडी पडतात.

जळगाव-धुळ्याच्या लेखकाला आणखी एक काम असते. शिंदखेड्याचे पात्र अहिराणीत बोलते, यावल-रावेरचे लेवा गणबोलीत. घाईच्या खर्ड्यात दोघेही छापील मराठी बोलू लागतात, नाहीतर बोलीचे चार शब्द नुसते शिंपडलेले दिसतात. संवाद मोठ्याने वाचावेत, ती बोली घरात बोलणाऱ्याला ऐकवावेत आणि तो अडखळेल ते वाक्य बदलावे. बोलीचा ठेका कागदावर उतरायला अनेक फेऱ्या लागतात. त्यांना पर्याय नाही.

या फेऱ्यांसाठी लेखकाला श्रोते हवेत. खानदेशातील साहित्यसंस्था प्रकाशनसमारंभ उत्साहाने करतात. तेवढ्याच आस्थेने त्यांनी अपूर्ण खर्ड्यांची वाचने ठेवावीत, आणि प्रकाशकांनी नव्या कादंबरीकाराला पुढच्या पुस्तकाची तारीख विचारण्याआधी त्याचा खर्डा वाचायला मागावा.