सुनेच्या दुखण्याची वही

मी बचत गटाचा हिशोब लिहिणारी बाई. भाषण द्यायची सवय नाही. पण रेडिओच्या ताई म्हणाल्या, सुनेचं प्रमाणपत्र कसं मिळालं ते सगळ्यांना सांगा, म्हणून आले.

माझ्या सुनेला सिकलसेल आहे, एसएस. आपल्या विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हाडं, सांधे, छाती, पोट असं दुखतं की माणूस गडबडा लोळतो. दोन-चार दिवसांनी उतरतं. मग ती उठते, वेणी घालते, चुलीपाशी बसते. बघणाऱ्याला वाटतं, हिला काय झालंय?

मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. रोवणी आली की हिचं अंग दुखतं, असं मीच शेजारणीला म्हणायची.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, त्यात सिकलसेल आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात तो नव्हता. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त आलं, तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो. म्हणून आम्ही तपासणीला गेलो. त्या दिवशी ती नेमकी बरी होती, चालत आत गेली. डॉक्टरांनी विचारलं, वर्षात किती वेळा दुखलं? मी म्हटलं, नेहमीच दुखतं. किती वेळा भरती केलं? आठवेना. कागद? रक्ताचा एक रिपोर्ट आणि एक चुरगळलेली चिठ्ठी. टक्के कमी लिहून आले. घरी येताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही.

बाई, मी गटातल्या दहा रुपयांचाही हिशोब लिहिते, आणि घरातल्या दुखण्याचा एक आकडा माझ्याकडे नव्हता.

त्याच आठवड्यात शंभर पानी वही आणली. कधी सुरू झालं, कुठं दुखतंय, कोणतं औषध दिलं, कधी थांबलं, हे लिहायचं. आणि काय करता आलं नाही, ते तर नक्की लिहायचं. ‘खूप दुखलं’ लिहून कुणाला काही कळत नाही. ‘खाटेवरून मोरीपर्यंत जाता आलं नाही, लेकराला मी आंघोळ घातली, चार दिवस रोजी बुडाली’ हे कळतं. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल टिकली लावा, शाळेतलं पोर नंतर लिहून देईल. जेवढं झालं तेवढंच लिहा. वाढवून लिहिलं तर खरंही खोटं वाटतं.

पण नुसती वही पुरत नाही. तपासणीत वजन असतं ते दवाखान्याच्या कागदांना. आपण बायका काय करतो, दुखलं की गोळी गिळून पडून राहतो, नाहीतर जवळच्या डॉक्टरकडे सुई टोचून परत येतो. कागद काहीच नाही. आम्ही वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला लागलो. डॉक्टरांनी ती वाचून केसपेपरवर लिहिलं. भरती झाली की डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘अंगदुखी’ नको, सिकलसेलमुळे दुखलं असं लिहून द्या, हे आम्ही मागून घेतलं. रक्त चढवलं त्याचेही कागद ठेवले. ताप असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर वही राहू द्या, आधी दवाखाना गाठा.

एक भानगड मात्र कुणी सांगितली नव्हती. तिचा रिपोर्ट शाळेत असतानाचा, माहेरच्या नावाचा. आधार सासरच्या नावाचं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ही बाई वेगळी. लग्नाचा दाखला जोडला, पण त्यात दोन फेऱ्या गेल्या. ज्यांच्या मुलींची लग्नं ठरली आहेत, त्यांनी हे आत्ताच बघून ठेवा. आणि अस्सल कागद कुठंच देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, अस्सल घरी आणा.

वर्षभराने वही वाचली. नऊ वेळा दुखलं होतं, तीनदा भरती. तारखा बघितल्या तर रोवणीचे दिवस आणि पौषातली थंडी. मग आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गार पाण्यात उभं राहणं, फार दमणं, पाणी कमी पिणं, यानेच तर ते उठतं. म्हणजे काम आलं की हिचं अंग दुखतं, हे मी बरोबरच म्हणत होते, फक्त अर्थ उलटा लावत होते. यंदा तिला बांधीत उतरू दिलं नाही.

स्वावलंबन पोर्टलवर पुन्हा अर्ज भरला. या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सूनच बोलली. तारखेनिशी बोलली. 40 च्या वर टक्के आले. योजनेचा अर्ज तहसीलमध्ये दिला आहे, पोचपावती वहीतच चिकटवली आहे. प्रमाणपत्र काही वर्षांपुरतंच आहे, मुदत संपली की पुन्हा तपासणी. म्हणून वही चालूच आहे. आता ती स्वतः लिहिते. मागच्या मंगळवारचं पान मला वाचायला दिलं नाही, म्हणाली, आई, यात तुमच्याबद्दलही लिहिलंय.