कुंपणाचे हमीपत्र

नव्या घराभोवती तारेच्या जाळीचे कुंपण घालताना आपण भाव बारकाईने पाहतो. हमीपत्र मात्र न वाचताच कपाटात जाते. दोन हमीपत्रांची तुलना केवळ वर्षांच्या आकड्यावरून करू नये. एकात १० वर्षांची हमी असेल, पण ती जाळीपुरतीच. खांब कलला तर तो पुन्हा उभारण्याची मजुरी कोणी द्यावी, याविषयी ते मौन पाळते. दुसऱ्यात ५ वर्षेच असतील, पण माल आणि काम दोन्ही त्यात येतात. भरपाईची रक्कम वर्षागणिक घटत जाते काय, हेही पाहावे.

लोखंडी तारेचे आयुष्य जस्ताच्या मुलाम्यावर अवलंबून असते. तो दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे, हे लिहून घ्यावे. खाऱ्या हवेने येणारा गंज हमीतून वगळला असेल, तर रत्नागिरीच्या वा विशाखापट्टणच्या रहिवाशाला तिचा उपयोग काय?

पावती जपून ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत, आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तेथे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा लेखी शब्द अधिक उपयोगी पडतो. म्हणून श्रोतेहो, पैसे चुकते करण्यापूर्वीच हमीपत्र वाचावे.