पंचाची सही

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कविता वाचायला बोलावलंत, पण आज कविता नाही. आज मी माझ्या एका सहीबद्दल बोलणार आहे. छापून आलेल्या कवितेखालच्या नव्हे, पोलीस चौकीतल्या कागदाखालच्या.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. मॅट्रिक झालेला, गोदीत कंत्राटाच्या टोळीत नवा. त्या दिवशी मुकादमाने नाव पुकारलं नाही म्हणून गेटाबाहेर टपरीवर उभा होतो. हवालदार आला. "सही येते का रे? चल, दोन मिनिटांचं काम हाय." चौकीत टेबलावर एक चाकू, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कोपऱ्यात आमच्याच वस्तीतला पोरगा उकिडवा बसलेला. त्याने माझ्याकडं बघितलं, मी नाही बघितलं. दोन कागदांवर सह्या केल्या. एक लिहिलेला, एक कोरा. साहेबाने चहा पाजला. च्यायला, तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

अडीच वर्षांनी समन्स आलं. पाळीचा खाडा पडला. कोर्टात सरकारी वकिलाने कागद पुढं केला तेव्हा कळलं मी कशाकशाचा पंच होतो. आरोपीने आम्हां पंचांसमक्ष स्वखुशीने सांगितलं म्हणे, की चाकू लपवला ती जागा दाखवतो. मग आम्ही सगळे जीपने गेलो, त्याने नाल्याच्या कडेच्या दगडाखालून चाकू काढून दिला, आम्ही बघितलं, वाचलं, बरोबर म्हणून सह्या केल्या. स्वखुशीने! त्या पोराचा सुजलेला ओठ कागदात कुठंच नव्हता.

आता हा कागद एवढा मोलाचा का, ते समजून घ्या. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. हा कायदा इंग्रजांच्या १८७२च्या पुरावा कायद्यापासून आहे. पोलीस कबुली कशी काढतात हे इंग्रजालाही ठाऊक होतं, कारण पोलीस त्याचेच होते. पण त्याच कायद्याच्या कलम २७ने एक खिडकी उघडी ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढाच भाग पुराव्यात येतो. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, जुना कायदा गेला, पण ही खिडकी कलम २३मध्ये तशीच उघडी आहे. मग टेबलावरचा चाकू नाल्यात नेऊन, कागदावर पुन्हा बाहेर काढायचा, आणि त्याखाली माझ्यासारख्या बेकाराची सही घ्यायची. खरं तर प्रिव्ही कौन्सिलने पूर्वीच सांगून ठेवलंय, की वस्तू सापडली म्हणजे गुन्हा त्यानेच केला असं होत नाही. ती तिथं आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच सिद्ध होतं. पण खालच्या कोर्टात एवढं बोलायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसा.

त्या पोराला फुकट सल्ल्यातली वकीलबाई मिळाली होती. तरुण होती. सरतपासात मी पढवल्यासारखा हो-हो म्हणालो. सही माझीच. मजकूर बरोबर. मग उलटतपास. तिने आवाज चढवला नाही. जीपमध्ये तुम्ही कुठं बसला होता? नाला रस्त्याच्या डाव्या हाताला की उजव्या? दगड आरोपीने एका हाताने उचलला की दोन्ही? मी घामाघूम. साठ किलोची गोणी उचलताना फुटला नाही एवढा घाम. शेवटी म्हणालो, "मी गेलोच नव्हतो, बाई. चाकू टेबलावर होता."

सरकारी वकील ताडकन उठला. मला फितूर जाहीर केलं. आता सरकारी वकीलच माझी उलटतपासणी घ्यायला लागला. दोस्तहो, फितूर हा शब्द कानात शिरतो तेव्हा कसं वाटतं ते मला विचारा. खोटं बोलत होतो तोवर मी सरकारचा साक्षीदार. खरं बोललो आणि फितूर झालो. (फितूर म्हटलं की साक्ष धुऊन जाते असंही नाही. तिच्यातला विश्वासाजोगा भाग कोर्ट घेऊ शकतं.)

पोरगा सुटला. त्याची आई कोर्टाच्या जिन्यात माझ्या पाया पडायला आली, मी पळालो. कारण गोष्ट इथं संपत नाही. ज्याला चाकू लागला तोही आमचाच, माझ्याच टोळीतला. अंधारात पाठीमागून वार, तोंड बघितलं नव्हतं. चाकूवर माणसाचं रक्त होतं, तसा अहवाल होता. पण चाकू आणि पोरगा यांना बांधणारी दोरी एकच, माझी सही. दुसरा पंच पत्त्यावर सापडलाच नाही. तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर कोर्ट पंचनामा मानू शकलं असतं, पण मानला नाही. पोराने केलं का नाही, मला आजही माहीत नाही. अडीच वर्षं तो आत सडला, आणि ज्याचा खांदा कायमचा गेला त्याला न्याय नाही. तो माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

आता आपल्या लोकांच्या केसेसकडं बघा. अख्खं गाव जातीवरून शिवी देतं, पाण्यावर, देवळात, वरातीत जात काढतं. पण अॅट्रॉसिटीची केस उभी राहिली की पहिला प्रश्न काय? फिर्यादी अनुसूचित जातीचा आहे याचा दाखला आणा! गावाला पाठ असलेली जात कोर्टात कागदाने सिद्ध करायची. मग शिवी लोकांच्या नजरेसमोर दिली का? तिथं हजर कोण? जे हजर ते त्याच पाटलाच्या रानात मजूर. २०१४च्या खर्ड्याच्या खुनात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ला आरोपी सुटले. त्या साक्षीदारांना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालत नाही. मी त्या पिंजऱ्यात उभा राहिलोय.

आणि साक्षीदार टिकले तरी? तामिळनाडूत किळवेणमणीला २५ डिसेंबर १९६८ला चव्वेचाळीस दलित झोपडीत जाळले. १९७३ला मद्रास हायकोर्टाने जमीनदारांना सोडलं. जमीनदार श्रीमंत, मोटारवाले, ते नोकरांना न पाठवता स्वतः चालत जाऊन आग लावतील हे कोर्टाला पटेना. मोटार हाच पुरावा झाला, दोस्तहो.

तरीही कोर्टाकडं पाठ फिरवा असं मी म्हणणार नाही. महाड आठवा. २० मार्च १९२७ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले हे आपल्याला पाठ आहे. पण पुढची दहा वर्षं कोर्टात चाललेली लढाई कितींना माहीत आहे? सवर्णांनी बाबासाहेबांवरच दावा लावला. म्हणाले, अस्पृश्यांनी तळ्याला शिवायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे. बरं, आहे ना? मग सिद्ध करा! पुराव्याचं ओझं त्यांच्या पाठीवर. १९३१ला खालच्या कोर्टात हरले, अपिलात हरले, आणि १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टातही हरले. अनादी काळ त्यांना शाबीत करता आला नाही. हजारो वर्षांची म्हणून मिरवलेली रूढी उलटतपासात टिकली नाही. आपण गोदीवाले ओझं ओळखतो. कुणाच्या पाठीवर टाकलंय, हे पहिल्यांदा बघायचं.

म्हणून थोडं कामाचं बोलतो. कोऱ्या कागदावर सही करू नका, मारलं तरी. पोलिसाने साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला तर त्यावर सही घ्यायचीच नसते, हे कायद्यात आहे. फिर्यादीवर मात्र सही असते, तिची प्रत फुकट मिळते, वाचल्याशिवाय उठायचं नाही. झडती आणि जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण आता नव्या कायद्याने सक्तीचं आहे. ते कुठंय, हे वकिलाला विचारायला लावा. आणि तुम्ही स्वतः व्हिडिओ काढलात तर तो नुसता ग्रुपवर ढकलू नका. मूळ मोबाईल जपा, विकू नका, त्यातलं पुसू नका. प्रत द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. २०२०ला सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात. मूळ मोबाईलच त्याच्या मालकाने कोर्टात येऊन हजर केला तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही.

येत्या सोमवारी सेशन कोर्टात आपल्या वस्तीतल्या एका पोरीची साक्ष आहे. समोरचे वीसजण येऊन मागच्या बाकांवर बसणार, तिच्याकडं बघत. आपण सकाळी साडेदहाला गेटाशी भेटायचं. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत, धुतलेले कपडे. मी खाडा टाकलाय. हात वर करा, कोण कोण येतंय.