विजेची लाट आणि घरांतील गारवा



आरंभींच सांगून टाकतों कीं, मी विद्युत्-शास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढें सारें आयुष्य मुलांना शिकविण्यांत घालविलेला एक निवृत्त शिक्षक, एवढीच माझी योग्यता. परंतु ज्या यंत्रावर आपण हजारों रुपये खर्च करतों, त्याचें रक्षण कसें होतें हें समजून घेण्यास पंडिताचीच बुद्धि लागते असें नाहीं. म्हणून घरांतील वातानुकूलन यंत्र व गीझर यांना विजेच्या लाटेपासून कसें जपावें, याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

वातानुकूलन यंत्र ही आतां केवळ चैन राहिलेली नाहीं. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हां अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या खोलींत तें यंत्र चालू असणें हा प्रकृतीचा प्रश्न असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडूं लागतात. यंत्राची गरज सर्वांत अधिक आणि त्याला धोकाहि सर्वांत अधिक, असा हा विलक्षण योग आहे.

आतां लाट म्हणजे काय तें पाहूं. आपल्या घरीं वीज २३० व्होल्ट दाबानें येते. हा दाब सेकंदांत ५० आवर्तनें करतो व प्रत्येक आवर्तनांत सुमारें ३२५ व्होल्टांचा माथा गांठतो. यंत्राची घडण या मर्यादेचा हिशेब धरून केलेली असते. परंतु आकाशांतील वीज जवळपास कोसळली, तर ती तारेवर प्रत्यक्ष न पडतांहि तारेंत क्षणभर हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न करते. हा क्षण सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजावा लागतो. दिव्याची ज्योत लवलीसुद्धां नाहीं, आणि यंत्र मात्र निकामी झालें, असें यामुळेंच घडतें. आकाशांतील विजेखेरीज लहान लाटाहि असतात. वीजवाहिन्यांची जोडतोड होतांना, इमारतीचा पाण्याचा पंप किंवा लिफ्ट बंद होतांना त्या उठतात. एकेक लाट क्षुल्लक. पण पुष्कळ लाटांनीं यंत्राचे नाजुक भाग हळूहळू झिजतात.

कोणी म्हणेल, "आमचें जुनें यंत्र पंधरा वर्षें कांहीं न करतां चाललें!" तें खरें आहे. जुन्या यंत्रांत तांब्याच्या वेटोळ्यांची मोटर, एक कपॅसिटर आणि एक दणकट स्विच, एवढाच संसार असे. हल्लींचीं इन्व्हर्टर यंत्रें वीज वाचवितात, पण त्यांची करामत सारी एका इलेक्ट्रॉनिक पाटींत सांठविलेली असते. ती पाटी आलेल्या विजेचें एकमार्गी विजेंत रूपांतर करते, आणि मग अर्धवाहकांच्या साहाय्यानें कॉम्प्रेसरची गति कमीअधिक करते. तांब्याचें वेटोळें जो धक्का सहन करील, तो या अर्धवाहकांना सोसत नाहीं. आणि पाटी जळाली म्हणजे यंत्राच्या किंमतीचा मोठा हिस्सा तिच्यासाठींच मोजावा लागतो.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा कीं, स्टॅबिलायझर लावला म्हणजे झालें. स्टॅबिलायझर उपयोगी खरा, परंतु त्याचें काम दाबाचे सावकाश चढउतार सांवरण्याचें. त्यांतील रिले हलावयास सेकंदाचा शतांश तरी लागतो; तेवढ्या अवधींत लाट येऊन, नुकसान करून, निघूनहि गेलेली असते. दुसरा गैरसमज एम. सी. बी. विषयींचा. तो प्रवाह फाजील झाला म्हणजे तारा तापूं नयेत म्हणून असतो. दाबाच्या लाटेला तो अडवीत नाहीं.

लाटेला अडविणारें साधन निराळें आहे. बाजारांत त्याला सर्ज प्रोटेक्टर म्हणतात. त्याच्या पोटांत बहुधा झिंक ऑक्साइडची एक वडी असते. या पदार्थाचे विद्युत्-गुण वर्णन करणारा जपानी संशोधक मिचियो मात्सुओका यांचा निबंध १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. वडीचा गुण असा कीं, नेहमींच्या दाबाला ती विजेला जवळजवळ वाटच देत नाहीं. पण दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं तत्क्षणींच ती वाहक बनते, आणि लाट यंत्राकडे न जातां आडवाटेनें निघून जाते. धरण भरलें म्हणजे सांडव्यावरून पाणी वाहूं लागतें, तसेंच हें. मात्र प्रत्येक मोठ्या लाटेनें ही वडी थोडी थोडी झिजते. म्हणून चांगल्या साधनाला एक लहानशी खिडकी असते. ती हिरवी आहे तोंवर पहारेकरी जागा आहे, आणि तांबडी झाली कीं तो बदलला पाहिजे. महिन्यांतून एकदां तिकडे दृष्टि टाकण्यास काय लागतें?

हें साधन यंत्राजवळ एकच लावून भागत नाहीं. ज्या इमारतीवर वीजवाहक सळई आहे, तेथें वीज आंत शिरते त्या जागीं पहिल्या प्रकारचें, घराच्या मुख्य बोर्डावर दुसऱ्या प्रकारचें, आणि नाजुक यंत्राजवळ तिसऱ्या प्रकारचें, अशी चढती रचना असते. सामान्य घराला बोर्डावरील दुसऱ्या प्रकारचें साधन हा पाया समजावा. अमेरिकेंत २०२० सालच्या विद्युत्-संहितेनें राहत्या घरांना असें साधन आवश्यकच ठरविलें. तें बसवितांना जोडतारा आंखूड हव्यात. दोन्ही बाजूंची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आंत असावी. अतिवेगवान् लाटेला सरळ तारसुद्धां अडथळा करते, आणि लांब तारेमुळें साधनाचा निम्मा गुण वायां जातो. वायरमन तारेचें वेटोळें करून ठेवूं लागला, तर त्याला विनयानें पण ठामपणें थांबवावें.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्थिंग. सांडव्यावरून वाहिलेलें पाणी नदीला मिळालें पाहिजे. लाटेला जमिनीची वाट नसेल, तर हा पहारेकरी काय करील? कित्येक जुन्या घरांत तीन भोंकांची पेटी असते, पण तिसऱ्या भोकामागें तारच नसते. नवें साधन घेण्याआधीं अर्थिंगची तपासणी करून घ्यावी. गीझरच्या बाबतींत तर हें प्राणरक्षणाचें काम आहे. गीझरची सळई लाटेला सहसा दाद देत नाहीं, परंतु पाण्यांत वीज उतरली तर माणसाचा जीव जातो. त्याकरितां ३० मिलि-अँपियरचा आर. सी. सी. बी. निराळा हवाच.

आणखी एक संकट असें आहे कीं, त्यावर या वडीची मात्रा चालत नाहीं. इमारतीचा सामाईक न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर एका घरांत दाब घसरतो आणि दुसऱ्या घरांत तो ४०० व्होल्टांच्या आसपास चढतो, आणि क्षणभर नव्हे, मिनिटेंच्या मिनिटें टिकतो. तेवढ्यानें वडीच तापून जळण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणजे दाब मर्यादेबाहेर जातांच वीज तोडणारा रिले. परंतु खरा उपाय मीटरच्या खोलींतील जोड वर्षांतून एकदां तपासून कसून घेणें हा होय. तें काम एकट्याचें नाहीं, साऱ्या बिऱ्हाडांचें आहे. जिना झाडण्याची वर्गणी आपण बिनतक्रार देतों; या तपासणीची वर्गणी देतांनाच हात आंखडता कां घ्यावा?

शेवटीं दोन बिनखर्ची संवयी सांगतों. प्रत्यक्ष घरावरच वीज कोसळली, तर कोणतेंहि साधन खात्रीनें वांचवूं शकत नाहीं. म्हणून आभाळ भरून येतांच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीं, यंत्राची पिन काढून ठेवावी. वादळ डोक्यावर आल्यावर मात्र पेटीला हात लावूं नये. आणि वीज गेली म्हणजे यंत्राचें बटण बंद करून, ती परत आल्यावर तीन ते पांच मिनिटें थांबून मग चालू करावें. परतणाऱ्या विजेचा दाब स्थिर होतो, आणि कॉम्प्रेसरमधील वायूचा दाबहि समतोल होतो.

यंत्र विकत घेणें ही एका दिवसाची गोष्ट आहे. तें सांभाळणें हा नित्याचा धर्म आहे. उद्यां सकाळीं आपल्या मीटरच्या बोर्डासमोर घटकाभर उभे राहून, तेथें अर्थिंग आहे काय, लाटेचा पहारेकरी आहे काय, एवढें जरी कोणीं विचारलें, तरी आजचें माझें बोलणें कारणीं लागलें असें मी समजेन.