परत या म्हणता, पण कुठल्या पायरीवर?
(रोह्याच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत गोणी वाहतो. शिक्षण मॅट्रिक. पंडितासारखं बोलणं जमणार नाय.

परवा पेणला टपरीवर वाद झाला. एकजण म्हणाला, हिंदूचा मुसलमान झाला की बाटला, मुसलमानाचा हिंदू झाला की घरी आला. मी विचारलं, घरी आलेल्याला बसवणार कुठं? ओटीवर, माजघरात, की गावकुसाबाहेर? सगळे चहात तोंड घालून बसले.

नेताजी पालकरचं उदाहरण सगळे देतात. १६६७ साली औरंगजेबानं त्याला मुसलमान केलं, महंमद कुलीखान नाव दिलं. १६७६ मध्ये तो परतला आणि शिवाजी महाराजांनी त्याला शुद्ध करून घेतलं. बाटलेल्याला दार बंद असलेल्या त्या काळात हे मोठंच काम. पण नेताजीला परतायला मान होता, घराणं होतं. आपल्या बापजाद्यांना परतायला काय होतं? महारवाडा!

आपल्याच जिल्ह्यातलं महाड बघा. चवदार तळ्यावर मुसलमानाला मज्जाव नव्हता, गुराढोरांना नव्हता. आपल्याला होता. म्हणजे काल महार असलेला माणूस आज मुसलमान झाला, तर त्याच घागरीनं तेच पाणी भरायला मोकळा! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर आपली माणसं पाणी प्याली, तर यांनी डोकी फोडली, वर शेणगोमूत्रानं तळं शुद्ध केलं. त्या मारहाणीत आपल्यातल्या काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरात. हे विसरू नका.

१९८१ साली तामिळनाडूत मीनाक्षीपुरमला सुमारे १८० दलित कुटुंबं मुसलमान झाली. देशभर बोंब उठली: पैसा कुणी दिला? अस्पृश्यता कुणी दिली, हे किती जणांनी विचारलं?

कायदाही तसाच. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूला दिल्या. शीख १९५६ ला आत आले, बौद्ध १९९० ला. मुसलमान झालेला दलित अजून बाहेरच. आणि २०१५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परत हिंदू झालेल्याला, जातवाल्यांनी स्वीकारलं तर, जुनी जात परत मिळते. म्हणजे देव बदलून बघा, जात पोस्टातल्या पत्रासारखी माघारी येते.

पण दोस्तहो, पलीकडं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाय. मुसलमानांतही जातीची उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९४० सालीच पाकिस्तानवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. १९३५ ला येवल्यात घोषणा केल्यावर सगळ्या धर्मांची आमंत्रणं आली. त्यांनी एकवीस वर्षं पारखलं आणि १९५६ ला बुद्ध घेतला.

म्हणून कुणी मुसलमान झाला, कुणी हिंदू झाला, तर दगड उचलू नका. बाटला म्हणू नका, घरी आला म्हणून नाचूही नका. एवढंच विचारा: बाबा, तिथं तुझ्या हातचं पाणी पितात का? तुझ्या पोरीला सून करून घेतात का?

उत्तर हो असेल तर त्याला जाऊ द्या. नाय असेल तर तो फक्त नाव बदलून आलाय, पाठीवरची गोणी तीच आहे.

जय भीम!